क्लस्टरचा पहिला वाढदिवस

आमचं कुबरनेटीज क्लस्टर, म्हणजे कुबरनेटीज या प्रणालीने एकत्र बांधलेला आणि आमचे प्रोग्रॅम चालवणारा मशीनांचा ताफा, बरोबर एक वर्षाचं झालं आणि त्याच दिवशी त्याने आमच्याशी बोलणं टाकलं. एका सेवेची नवी आवृत्ती चढवायची होती, रोजचंच काम. कमांड दिली तर उत्तर आलं, प्रमाणपत्राची, म्हणजे यंत्रं एकमेकांना दाखवतात त्या डिजिटल ओळखपत्राची, मुदत संपली आहे. दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून करून पाहिलं, तेच. थेट मास्टर मशीनवर जाऊन पाहिलं, तिथेही तेच.

गंमत म्हणजे बाहेर कोणाला याचा पत्ताच नव्हता. संकेतस्थळ चालू होतं, व्यवहार होत होते, तक्रार एकही नाही. कुबरनेटीजमध्ये ठरवणारे वेगळे आणि राबणारे वेगळे. ठरवणाऱ्यांचा मिळून कंट्रोल प्लेन होतो, तो ज्या मशीनांवर चालतो ते मास्टर. त्यात सगळ्यांची ये-जा जिथून होते तो एपीआय सर्व्हर, सगळ्या नोंदी सांभाळणारं एटसीडी, कुठला पॉड, म्हणजे कंटेनर नावाच्या पुडक्यांत बांधलेल्या प्रोग्रॅमचा एक जुडगा, कुठल्या मशीनवर बसवायचा ते ठरवणारा शेड्युलर, आणि हवं काय व आहे काय याचा सतत मेळ घालत बसलेले कंट्रोलर. राबणारी मशीनं म्हणजे नोड. वरून हुकूम येणं थांबलं तरी नोड शेवटचा हुकूम पाळत राहतात, एखादा कंटेनर कोसळला तर जागच्या जागी पुन्हा सुरूही करतात. पण अख्खा नोडच गेला तर त्याच्यावरचे पॉड दुसरीकडे उभे करायला कोणी नसतं. म्हणजे त्या दुपारी आमची गाडी नीट धावत होती, फक्त स्टिअरिंगवर कोणी नव्हतं.

कारण सापडायला वेळ लागला नाही. क्लस्टर आम्ही कुबॲडम हे साधन वापरून स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं. ते साधन अंतर्गत प्रमाणपत्रं एक वर्षाच्या मुदतीची काढतं, मूळ प्रमाणपत्र तेवढं दहा वर्षांचं. कंट्रोल प्लेनची आवृत्ती वाढवली की ही प्रमाणपत्रं आपोआप नवी होतात. म्हणजे बनवणाऱ्यांनी धरून चालल्यासारखं आहे की वर्षातून एकदा तरी तुम्ही आवृत्ती वाढवालच. आम्ही वाढवली नव्हती. ‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा’ हे आमचं अलिखित धोरण होतं आणि वर्षभर आम्ही ते शहाणपण समजत होतो.

संध्याकाळपर्यंत तिन्ही मास्टरांवर प्रमाणपत्रं नवी केली, एकेक घटक बंद करून पुन्हा सुरू केला, प्रत्येकाच्या लॅपटॉपवरची जुनी फाइल बदलली. क्लस्टर उभं केलं त्याच दिवशी एका छोट्या अंतर्गत सेवेचंही प्रमाणपत्र काढलं होतं, तेही त्याच झपाट्यात नवं करून टाकलं. पुढच्या वर्षीच्या मुदतीच्या वीस दिवस आधीची आठवण कॅलेंडरात लावली आणि मग आमच्या प्रमुखांनी शांतपणे विचारलं, “हे सगळं आपणच का करतोय?”

उत्तर कोणाकडेच नव्हतं. कारण तो काही पहिला प्रसंग नव्हता. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी एटसीडीने रडवलं होतं. एटसीडी प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की उतरल्याशिवाय ‘झालं’ म्हणत नाही, आणि तीन प्रतींपैकी किमान दोघांनी होकार द्यावा लागतो. त्यामुळे डिस्क संथ झाली की सगळंच संथ होतं. हे लिखाण दहा मिलिसेकंदांच्या आत उरकावं असा त्यांचाच सल्ला आहे. आम्ही त्याच डिस्कवर लॉग, म्हणजे प्रोग्रॅमांनी लिहिलेल्या कामाच्या नोंदी, गोळा करणारा प्रोग्रॅम ठेवला होता. लॉगांचा लोंढा आला की एटसीडीच्या प्रतींना वाटायचं आपला म्होरक्या गेला, की लगेच नवी निवडणूक. एका रात्री अशा कितीतरी निवडणुका झाल्या. तिघांमध्ये.

तर आम्ही व्यवस्थापित सेवेकडे, म्हणजे कंट्रोल प्लेन दुसऱ्या कंपनीने सांभाळायचा अशा सोयीकडे, जायचं ठरवलं. पर्याय सगळ्यांना माहीत असलेलेच. कुबरनेटीज २०१४ मध्ये गूगलमधून बाहेर आलं आणि २०१५ च्या जुलैत त्याची १.० आवृत्ती निघाली. पुढच्याच महिन्यात गूगलची व्यवस्थापित सेवा सर्वांसाठी खुली झाली, आज तिला जीकेई म्हणतात. ॲमेझॉनची ईकेएस आणि मायक्रोसॉफ्टची एकेएस या दोन्ही २०१८ च्या जूनमध्ये आल्या. आम्ही कोणती घेतली ते सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात चूक जवळजवळ प्रत्येक वेळी आमचीच होती आणि उगाच त्यांच्या नावावर जायची.

नवं क्लस्टर कॉफी पिऊन होईस्तोवर तयार झालं. नोडांची यादी मागवली. शेजारी बसलेला सहकारी पडद्याकडे बघत म्हणाला, “अगं, मास्टर कुठे गेले?”

यादीत फक्त राबणारे नोड होते. सिस्टिमच्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे क्लस्टरमधल्या तिच्या कप्प्यात, शोधलं. जुन्या क्लस्टरमध्ये तिथे एपीआय सर्व्हर, एटसीडी, शेड्युलर असे पॉड रांगेने दिसायचे. इथे नामोनिशाण नाही. हातात फक्त एक पत्ता, त्या पत्त्यावर एपीआय उत्तर देतो, त्याच्या मागे काय आहे ते दिसत नाही. मला पहिले काही दिवस याचा चक्क त्रास झाला. वर्षभर ज्या यंत्राचं झाकण उघडून आत हात घालायची सवय होती, त्याला आता झाकणच नव्हतं.

आत काय असतं ते मग वाचून काढलं. मोठे सेवादाते सहसा एपीआय सर्व्हरच्या एकाहून अधिक प्रती वेगवेगळ्या विभागांत चालवतात, विभाग म्हणजे वीज आणि नेटवर्क वेगळं असलेली डेटा सेंटरं. एटसीडीच्या तीन प्रती तीन विभागांत, म्हणजे एक विभाग गेला तरी दोघांचं बहुमत टिकतं. चार प्रती ठेवून काही फायदा नाही, कारण चारांचं बहुमत तीन, तेव्हाही एकच गेलेली चालते. भार वाढला की मागची मशीनं मोठी करणं, एटसीडीच्या प्रती काढून ठेवणं, प्रमाणपत्रं वेळेत बदलणं हे सगळं त्यांच्याकडे.

पण हे एका क्लस्टरचं झालं. हजारो गिऱ्हाइकांच्या हजारो कंट्रोल प्लेनचं काय? प्रत्येकाच्या मागे माणूस बसवणं शक्यच नाही. त्याचं एक उत्तर उघड्यावर बघायला मिळतं. सॅपने गार्डनर नावाचा प्रकल्प मुक्त स्रोत म्हणून दिलेला आहे. त्यात गिऱ्हाइकाचा कंट्रोल प्लेन म्हणजे दुसऱ्या एका कुबरनेटीज क्लस्टरमधले पॉड असतात. क्लस्टरच्या पोटात क्लस्टर. एखादा एपीआय सर्व्हर कोसळला तर त्याला उठवणारा असतो बाहेरचा क्लस्टर, जसा आमच्या एखाद्या साध्या सेवेला आमचा क्लस्टर उठवतो. ज्या यंत्राने आम्हाला वर्षभर दमवलं, त्याच यंत्राने हजारो तशीच यंत्रं सांभाळतात हे वाचून मला हसावं की रडावं कळेना.

कंट्रोल प्लेन असा त्यांच्या नेटवर्कमध्ये आणि नोड आपल्या नेटवर्कमध्ये असले की मध्ये एक भिंत येते. एखाद्या पॉडचा लॉग मागायचा तर एपीआय सर्व्हरला नोडवरचा कारभार बघणाऱ्या कुबलेट या प्रोग्रॅमपर्यंत पोचावं लागतं. कोणी त्यासाठी तुमच्या नेटवर्कमध्ये आपला एक जोड आणून ठेवतो, कोणी नोडवर एजंट ठेवून आतून बाहेर बोगदा काढतो. ही भिंत आहे हे विसरलं की दिवस वाया जातो. फायरवॉलचा एक नियम अति कडक केल्यामुळे आमच्याकडे पॉड सगळे ठणठणीत आणि लॉग मात्र एकाचाही दिसेना, असं अर्धा दिवस झालं.

स्थलांतर महिनाभर चाललं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. यामल फाइली, म्हणजे काय कसं चालवायचं ते लिहिलेल्या फाइली, बहुतेक तशाच चालल्या. डिस्क आणि येणाऱ्या विनंत्या वाटून देणारा लोड बॅलन्सर यांच्या नोंदी बदलाव्या लागल्या. डेटाबेस आम्ही क्लस्टरच्या बाहेरच ठेवला होता, त्या एका निर्णयाबद्दल मी आजही स्वतःची पाठ थोपटते.

खरा पहिला तडाखा बसला महिनाअखेरीला. त्या दोन दिवसांत हिशेबाची कामं एकदम येतात, म्हणून नोडांची संख्या आपोआप वाढेल अशी सोय केली होती. ती चोख चालली. नवे नोड आले, पॉड त्यांच्यावर बसले आणि तिथेच थिजले. प्रत्येकापुढे ‘कंटेनर तयार होत आहे’ असं लिहिलेलं, दहा मिनिटांनी तेच, वीस मिनिटांनी तेच. घटनांची यादी उघडली तर कारण एका ओळीत होतं, पॉडला देण्यासाठी आयपी पत्ता मिळत नाही.

जुन्या क्लस्टरमध्ये पॉडांचे पत्ते हे आमच्या आमच्यातले, खोटे म्हणा हवं तर. हवे तितके. इथल्या नेटवर्क प्लगइनमध्ये प्रत्येक पॉडला खऱ्या सबनेटमधला, म्हणजे नेटवर्कच्या एका तुकड्यातला, खरा पत्ता मिळतो. त्याचे फायदे आहेत, मधलं एक आवरण वाचतं. पण पत्ते मोजके होतात. आमच्या सबनेटमध्ये पत्त्याच्या ३२ पैकी चोवीस बिट पक्के, म्हणजे २५६ पत्ते, त्यातले पाच सेवादाता स्वतःकडे ठेवतो, उरले २५१. त्यात हे प्लगइन नवा पॉड पटकन बसावा म्हणून प्रत्येक नोडवर काही पत्ते आधीच धरून ठेवतं. आमच्या आकाराच्या मशीनवर एकेक नोड वीस पत्ते अडवून बसला होता, पॉड असोत वा नसोत. बारा नोडांनी २४० पत्ते घेतले, तेराव्याला ११ मिळाले, आणि चौदावा आला तेव्हा पंक्ती उठल्या होत्या.

विभागांमधल्या वाहतुकीचे पैसे वाचवायला आम्ही सगळे नोड एकाच विभागात ठेवले होते, तेही अंगाशी आलं. बाकीच्या विभागांतले सबनेट रिकामेच. त्या रात्री दुसरा विभाग जोडून वेळ मारून नेली, पुढच्या आठवड्यात पॉडांसाठी वेगळे ऐसपैस सबनेट आखले. एवढं झाल्यावर सेवादात्याचं दस्तऐवज पुन्हा वाचलं. सगळं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. किती मोठ्या मशीनवर जास्तीत जास्त किती पॉड बसतील याचं कोष्टकसुद्धा. कुबरनेटीज स्वतः एका नोडवर ११० पॉडांपर्यंतची शिफारस करतं, पण मशीन लहान असेल तर पत्त्यांची मर्यादा त्याच्या कितीतरी आधी आडवी येते. ईकेएसचंच घ्यायचं तर एम५.लार्ज जातीच्या मशीनवर नेहमीच्या मांडणीत २९ पॉड बसतात. हे आकडे मी आता झोपेतही सांगते. तेव्हा ठाऊक नव्हते.

त्यानंतर आली आवृत्ती वाढवायची वेळ. कुबरनेटीजच्या वर्षाला तीन आवृत्त्या निघतात आणि प्रत्येकीला साधारण चौदा महिने आधार मिळतो. जुन्या क्लस्टरमध्ये आम्ही ते वर्षभर टाळू शकलो, इथे टाळता येत नाही. मुदत संपली की एक तर ते स्वतःच वाढवतात, नाहीतर जुन्या आवृत्तीवर राहायचे जादा पैसे घेतात. ईकेएसवर हा जादा दर नेहमीच्या सहापट आहे. आम्हाला शिस्त नव्हती, ती अशी विकत मिळाली.

कंट्रोल प्लेनची आवृत्ती वाढवणं म्हणजे एक बटण. अर्ध्या तासात काम फत्ते, एपीआय एकदाही अडखळल्याचं कोणाला जाणवलं नाही. स्वतःचे तीन मास्टर रात्री जागून एकामागून एक बदलण्याचा अनुभव असलेल्या माणसाला त्या बटणाचं मोल विचारा.

मग नोडांची पाळी. सेवा नवा नोड आणते, जुन्या नोडवर नवं काही बसू नये अशी खूण करते, त्याच्यावरचे पॉड सभ्यपणे उठवते आणि मग तो काढून टाकते. पहिले दोन नोड छान बदलले, तिसऱ्यापाशी घोडं अडलं. ठरलेल्या मुदतीत पॉड हलला नाही म्हणून सगळं काम रद्द झालं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकलं.

अडवणारा आमचाच नियम होता. ‘या सेवेची किमान एक प्रत कायम चालू हवी’ असं आम्ही लिहून ठेवलं होतं, आणि प्रती होत्या किती, एक. ती उठवली तर शून्य राहणार, म्हणून नियम उठवू देईना. आणि एपीआय आमचा शब्द इमानाने पाळत होता. उपाय सरळ दिसत होता, दोन प्रती ठेवा. ठेवल्या. तासाभरात तक्रारी आल्या की ग्राहकांना आठवणीचे संदेश दोन-दोनदा जात आहेत. त्या सेवेच्या आतच कोणीतरी घड्याळ बसवलं होतं. दर तासाला उठून ती संदेश पाठवायची, आणि आपण एकटेच आहोत असं धरून चालायची. दोघी उठल्या, दोघींनी पाठवले. मग तिच्यात लीज, म्हणजे ठरावीक वेळेपुरता हक्क देणारी नोंद, वापरून म्होरक्या निवडण्याची सोय घातली, जिच्या हाती लीज तिनेच पाठवायचं. एका नोडची आवृत्ती वाढवायला निघालो होतो, निम्मा आठवडा एका सेवेचा कोड दुरुस्त करण्यात गेला. कोणतीही व्यवस्थापित सेवा हे काम तुमच्यासाठी करणार नाही, आणि करूही नये.

याच नोड बदलण्यात आणखी एक प्रकार घडला, तो मला जास्त लागला. आमच्याकडे एक छोटा वेबहुक आहे, तपासनीस म्हणा. कोणताही पॉड जन्माला घालायच्या आधी एपीआय सर्व्हर त्याला विचारतो, हा चालेल का? पॉडवर मालकाचं लेबल नसेल, मेमरीची मर्यादा लिहिलेली नसेल तर तो नाही म्हणतो. लोकांच्या निष्काळजीपणाला कंटाळून मीच तो लिहिला होता. चाचणीच्या क्लस्टरवर घाई म्हणून आम्ही सगळे नोड एकदम बदलले. त्यात तपासनीस ज्या नोडवर होता तोही गेला. आता तपासनिसाचा नवा पॉड बनवायचा, तर त्याला परवानगी कोण देणार? तपासनीस. तो तर नाही. एपीआय सर्व्हर दहा सेकंद वाट बघायचा आणि नकार द्यायचा, कारण ‘तपासनीस उत्तर देत नसेल तर नाही समज’ हेच मुळात ठरलेलं असतं आणि मी ते बदललं नव्हतं. कोंबडी आधी की अंडं आधी, आणि इथे दोन्ही नव्हती. अख्ख्या क्लस्टरमध्ये एकही नवा पॉड उभा राहीना.

मी सेवादात्याच्या मदतकेंद्राला लिहिलं. जरा तावातच लिहिलं. तासाभरात नम्र उत्तर आलं की कंट्रोल प्लेन पूर्ण निरोगी आहे, नकार तुमच्या वेबहुकमुळे येतो आहे, त्याचं नाव हे. नाव माझ्याच फाइलीतलं. वेबहुकची नोंद पुसली, पुढच्या क्षणी पॉड भराभर उगवले. नंतर तपासनिसाला त्याची स्वतःची नेमस्पेस आणि सिस्टिमची नेमस्पेस यांतून वगळलं, दोन नोडांवर दोन प्रती ठेवल्या, वाट बघण्याची मुदत कमी केली. त्यांच्या फलकावरचा हिरवा दिवा खरा होता हे मान्य करायला मला आणखी एक दिवस लागला.

वर्षाच्या उत्तरार्धात महिनाअखेरीला नोडांची संख्या दोनशेच्या आसपास जाऊ लागली. कागदावर हे काहीच नाही. कुबरनेटीजची अधिकृत मर्यादा ५,००० नोड आणि १,५०,००० पॉडांची आहे. तरीही आमचा एपीआय सर्व्हर ‘विनंत्या फार होताहेत, थांबा’ असं म्हणू लागला. उत्तरात ४२९ हा कोड, कधी नवी आवृत्ती चढवताना, कधी साधी यादी मागताना.

एवढ्याशा नोडांना? माझा पहिला अंदाज, सेवादात्याने मागे लहान मशीन दिलं असणार. पण या वेळी शहाणी झाले होते. आधी आपल्या घरात बघितलं. कोण किती विनंत्या करतं याची नोंद काढली तर सगळ्यात वर आमचाच लॉग एजंट. तो प्रत्येक नोडवर एक असतो. लॉगच्या ओळीला पॉडचं नाव आणि लेबल जोडायला त्याला पॉडांची माहिती लागते, म्हणून तो दर अर्ध्या मिनिटाला पॉडांची यादी मागवायचा. आपल्या नोडवरच्या वीसेक पॉडांची मागवायची, तर हा सगळ्या क्लस्टरची मागवायचा आणि नको असलेली फेकून द्यायचा. दोनशे नोड, चार हजार पॉड. दर अर्ध्या मिनिटाला आठ लाख नोंदी एपीआय सर्व्हरमधून वाहत होत्या, आणि मागणी अशी लिहिलेली की ती पार एटसीडीपर्यंत जायची. वीस नोड होते तेव्हा हेच गणित आठ हजार नोंदींचं होतं, कारण तेव्हा पॉडही चारशेच होते. नोड दसपट झाले की भार शंभरपट. आणि मधल्या काळात भार वाढला की मागची मशीनं मुकाट मोठी होत होती, त्यामुळे आमचं पाप महिनोन्‌महिने झाकलं गेलं. जुन्या क्लस्टरमध्ये ते पन्नाशीतच उघडं पडलं असतं.

दुरुस्ती दहा ओळींची निघाली. फक्त स्वतःच्या नोडवरचे पॉड मागायचे, ते एकदाच मागायचे, आणि पुढे ‘काही बदललं तर कळव’ म्हणून वॉच लावून बसायचं. आलेख कड्यावरून पडल्यासारखा खाली आला.

त्या आठवड्यात मी या व्यवस्थेकडे पहिल्यांदा नीट बघितलं. नोड ‘मी जिवंत आहे’ हे कसं सांगतो याचंच उदाहरण. पूर्वी तो आपली सगळी कुंडली, स्थिती, कंटेनरांच्या इमेजांची यादी वगैरे, दर दहा सेकंदांनी पाठवायचा. क्लस्टर मोठे झाले तेव्हा हेच लिखाण एटसीडीला जड झालं. म्हणून लीज नावाची छोटीशी नोंद आणली. आता दर दहा सेकंदांनी एवढीशी लीज नवी होते, आणि विशेष काही बदललं नसेल तर कुंडली पाच मिनिटांतून एकदा. तरी ५,००० नोडांचा हिशेब केला तर नुसत्या ‘जिवंत आहे’साठी सेकंदाला ५०० नोंदी लिहाव्या लागतात. त्याच्या खूप पलीकडे जायचं तर मग एटसीडीलाच हात घालावा लागतो. गूगलने २०२४ च्या नोव्हेंबरात ६५,००० नोडांचं क्लस्टर चालवता येतं असं जाहीर केलं, तिथे एटसीडीच्या जागी त्यांच्या स्पॅनर डेटाबेसवर उभारलेलं भांडार आहे. ॲमेझॉनने २०२५ च्या जुलैत १,००,००० नोडांचा आकडा सांगितला. त्यांनी एटसीडी ठेवलं, पण त्यातलं एकमत साधण्याचं काम आपल्या अंतर्गत यंत्रणेकडे दिलं आणि डेटा मेमरीत आणला. दोन्हीकडे गिऱ्हाईक मुख्यतः तेच, प्रचंड एआय मॉडेलं शिकवणारे. आम्हाला त्यातलं काही लागणार नाही. पण बाहेरचा एपीआय तोच ठेवून आतलं भांडार बदलता येतं, हे झाकण नसण्याचं कारण मला तेव्हा पटलं. मला आत हात घालता येत असता तर त्यांना आत काही बदलता आलं नसतं.

आता आमच्याकडे मास्टर कुठे गेले असं कोणी विचारत नाही. नव्या मुलांनी ते कधी पाहिलेलेच नाहीत. एटसीडीच्या निवडणुकांची गोष्ट मी त्यांना सांगते तेव्हा ती जुन्या काळातल्या भुताच्या गोष्टीसारखी ऐकतात.

मागच्या महिन्यात एका सकाळी फोनवर आठवण वाजली. ‘क्लस्टर प्रमाणपत्रं, २० दिवस.’ मीच लावलेली, त्या वाढदिवसाच्या संध्याकाळी. जुना क्लस्टर कधीच मोडीत काढला होता. हसू आलं, ‘झालं’ वर बोट ठेवलं आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवशी दात घासताना डोक्यात काहीतरी खुपलं. त्या संध्याकाळी सगळं उरकता उरकता एका छोट्या सेवेचं प्रमाणपत्रही काढलं होतं. कोणती सेवा बरं ती?

तपासनीस. त्याचं प्रमाणपत्र आम्ही स्थलांतरात इतर यामलबरोबर जसंच्या तसं उचलून नव्या क्लस्टरमध्ये आणून ठेवलं होतं. एपीआय सर्व्हर त्याच्याशी बोलताना तेच तपासतो, आणि मुदत संपली की तपासनीस जिवंत असूनही त्याचा शब्द धरला जाणार नाही. म्हणजे पुन्हा तेच, आमच्या सेवांचा एकही नवा पॉड नाही, आणि या वेळी चाचणीच्या नव्हे, खऱ्या क्लस्टरवर. मदतकेंद्र पुन्हा नम्रपणे सांगेल की कंट्रोल प्लेन निरोगी आहे.

लॅपटॉप उघडून तारीख बघितली. १९ दिवस उरले होते.